आधी जुनं बाहेर, मग नवं आत: एका वापरलेल्या इंजिनाचा कुर्ला ते नऱ्हे प्रवास

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांकडे बीएमडब्ल्यूची झेड४ आहे. दोन सीटची, तीन लिटरची, २००७ ची. एरवी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते आणि रविवारी पहाटे पानशेतच्या बाजूला एक फेरी मारून येते. मेमध्ये वरंधा घाटात ती तापली. दिवा लागूनही मालकांनी ‘वरच्या टपरीपर्यंत जाऊ’ म्हणून तशीच दामटली आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे बोल्ट ब्लॉकमधले, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यातले आटे घेऊनच सैल झाले. ब्लॉक दुरुस्त करायचा की वापरलेलं इंजिन आणायचं यावर बराच खल झाला. अखेर कुर्ल्याच्या एका यार्डात अपघाती गाडीतून काढलेलं त्याच जातीचं, म्हणजे एन५२ हे सहा सिलिंडरचं इंजिन मिळालं.

काम नऱ्ह्यातल्या एका गॅरेजने घेतलं. त्याच्या मालकांना इथे अण्णा म्हणू. उभी हयात इंजिनं उतरवण्यात गेलेला माणूस. मी चाकणला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि जड वस्तू उचलण्याचं नियोजन हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. गाडीमालकांनी मला मध्ये घेतलं ते अण्णांना फारसं रुचलं नव्हतं. स्वतःच्या शेडमध्ये कुणी परक्याने येऊन दोर कसा बांधायचा ते सांगावं, हे कुणालाही रुचणार नाही.

या इंजिनाच्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांच्याभोवती फिरतात. पहिली गोष्ट वजनाची. कंपनीने या तीन लिटरच्या इंजिनाचं वजन १६१ किलो जाहीर केलं होतं आणि सहा सिलिंडरच्या मानाने ते हलकंच आहे. पण यार्डातून येणारं इंजिन कॅटलॉगमधल्यासारखं सडं नसतं. त्याला अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, मॅनिफोल्ड, वायरिंगचा भारा आणि कुठे कुठे उरलेलं तेल लटकलेलं असतं. यार्डातल्या भंगाराच्या काट्यावर लाकडी पॅलेटसकट २०५ किलो भरलं. नियोजनासाठी आम्ही २५० धरले.

दुसरी गोष्ट धातूची. या इंजिनाचा ब्लॉक बाहेरून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. आत सिलिंडरांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा गाभा ओतलेला आहे. मॅग्नेशियमला पोलाद लागलं आणि त्यात ओल शिरली की मॅग्नेशियम कुजतं, म्हणून ब्लॉकला लागणारे बरेचसे बोल्टही अ‍ॅल्युमिनियमचे दिलेत. ते आवळताना ताणले जातात, त्यामुळे एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लोहचुंबक. अण्णांच्या पोराने खिशातलं चुंबक एकेका बोल्टला लावून पाहिलं आणि चिकटत नाही म्हटल्यावर तोच म्हणाला, ‘‘अण्णा, हे तर डब्याचं इंजिन आहे!’’ त्यानंतर गॅरेजमध्ये त्याचं नाव डबाच पडलं.

अडचण

यार्डवाल्याने फोनवर पाठवलेल्या फोटोंत एक गोष्ट खटकली. हेडच्या पुढच्या टोकाला इंजिन उचलण्याचा कान होता, मागच्या टोकाचा नव्हता. गाडीतून ओढून काढताना तो कुठेतरी गेला असावा. एका कानावर उचललं तर इंजिन कोंबडीसारखं लटकणार. त्यातून बीएमडब्ल्यूचं हे एका ओळीतल्या सहा सिलिंडरचं इंजिन गाडीत एका बाजूला ३० अंश कललेलं बसतं, त्यामुळे त्याचा भारमध्य आपण डोळ्यांनी समजतो तिथे नसतो.

बाकीच्या अडचणी जागेच्या. गणपती तोंडावर आलेले. गॅरेजच्या गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे वासे रोवलेले, वरून विजेच्या तारा. अंगणात शहाबादी फरशी, पावसाच्या पाण्यासाठी तिला उतार दिलेला. शिवाय दोन हेल्पर कोकणात गावी जायला निघालेले, त्यामुळे ‘या आठवड्यात उरका’ अशी घाई.

अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘साहेब, दोनशे किलो म्हणजे काय? चार पोरं लावली की झालं.’’

तपासलेले पर्याय

चार माणसं, बांबू आणि दोर. हा सगळ्यांच्या मनातला पहिला पर्याय. हिशोब साधा आहे: माणशी पन्नास किलो. पण हा हिशोब सपाट जमिनीवर, चौघांची उंची सारखी असताना आणि कुणाचाही पाय घसरत नसतानाचा. टेम्पोच्या हौद्यातून खाली उतरताना दोघं वर आणि दोघं खाली असतात, आणि वजन खालच्या दोघांवर येतं. एकाने सोडलं तर बाकीच्यांना सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. पोत्याचं वजन कमी करा म्हणून पुण्याच्या हमाल पंचायतीने किती वर्षं लढा दिला, आणि इथे आपण पोत्याहून चौपट वजनाची, कडा टोचणारी, तेलकट वस्तू उचलायला निघालो होतो. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

हायड्रा, म्हणजे रस्त्यावर चालणारी मोठी क्रेन. गल्लीत शिरत नव्हती, वर तारा होत्या, आणि बारा टनांच्या यंत्राने दोनशे किलो नाजूकपणे टेकवणं ऑपरेटरच्या मूडवर सोडावं लागतं. जेसीबीच्या बकेटला साखळी बांधायचाही विचार कुणीतरी मांडला. त्यावर बोलत नाही. बघायला गर्दी मात्र जमली असती.

शेडच्या कैचीला चेन पुली. इथे खरा वाद झाला. अण्णा वर्षानुवर्षं शेडच्या लोखंडी कैचीला, म्हणजे छत पेलणाऱ्या अँगलच्या सांगाड्याला चेन पुली अडकवून इंजिनं काढत आलेत आणि कधी काही झालं नाही. माझं म्हणणं असं की पत्र्याच्या शेडची कैची पत्र्याचं वजन आणि वारा सोसण्यासाठी बांधलेली असते. भार सांध्यावर दिला तर ती काही प्रमाणात सोसते. दोन सांध्यांच्या मधोमध अँगलला लटकवला तर तो अँगल वाकतो. अण्णांची पुली नेमकी मध्ये होती, कारण गाडी तिथेच उभी राहते. तिथला अँगल खालून सुतळी धरून पाहिला. मधोमध बोटभर पोक आलेला दिसला. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन तो सोसत आला असेल, पण उद्याच्या इंजिनाचा तो पुरावा होत नाही. सुतळी पाहिल्यावर अण्णा काही बोलले नाहीत, आणि पुलीचा विषयही तिथेच थांबला.

चाकांची हायड्रॉलिक क्रेन. दोन टनांची, हाताने पंप मारायची, भाड्याने मिळणारी. उरला तो हा पर्याय. पण त्यातही एक खोच होती. ‘दोन टन’ हा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा पुढे सरकणारा हात, पूर्ण आत असतानाचा. बूम बाहेर काढावी तसा तो घटतो आणि शेवटच्या भोकावर ५०० किलोच उरतात. आम्हाला तिसरं भोक लागणार होतं, म्हणजे एक टन. पुरेसं होतं.

निर्णयाची पहिली जागा: मागचा कान

मागच्या कानासाठी तीन सूचना आल्या. फॅब्रिकेटर म्हणाला, ब्लॉकच्या मागे गिअरबॉक्सच्या जागी जाडजूड आटे आहेत, त्यांत हायटेन्साइल बोल्ट घालून पट्टी लावू. नाना पेठेतून बोल्ट आणायला पोरगं निघालंही होतं. कोरड्या जागी तासाभरासाठी स्टीलचा बोल्ट लावल्याने ब्लॉक कुजत नाही, तेव्हा माझी हरकत गंजण्याला नव्हती. हरकत ओढीच्या दिशेला होती. ते आटे मॅग्नेशियमचे, आणि गिअरबॉक्स सरळ आवळून धरण्यासाठी केलेले. बोल्टला वरून तिरका हिसका बसला की पहिले दोन-तीन आटे सगळा भार घेतात. एक आटा गेला तरी पुढे गिअरबॉक्स बसवताना रडायची वेळ.

दुसरी सूचना शोरूममधून नवा कान मागवण्याची. तो यायला वेळ लागणार होता.

तिसरी सूचना गाडीमालकांची. या माणसाने आयुष्यात कधी पाना धरला नसेल, पण ती सूचना सगळ्यांत साधी निघाली. मेलेल्या इंजिनाला दोन्ही कान शाबूत आहेत, त्यातला काढून का नाही लावायचा? अडचण एवढीच की जुनं इंजिन अजून गाडीत होतं आणि त्यालाही बाहेर यायला कान लागणार होता.

म्हणून क्रम उलटा केला. अण्णांचा बेत नवं इंजिन आधी आणून ठेवायचं, मग जुनं काढायचं असा होता. गाडी उघडी पडून राहू नये हा त्यामागचा विचार. आता ठरलं की आधी जुनं काढायचं, त्याचा मागचा कान घेऊन एका पोराला एसटीने कुर्ल्याला पाठवायचं, तिथेच तो नव्या बोल्टने हेडला मूळ जागी बसवायचा, आणि मगच इंजिन यार्डातून हलवायचं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि कानाची जागा याच कामासाठी केलेली आहे. यार्डवाला दोन दिवस जास्त ठेवायला कुरकुरला, पण राजी झाला.

या बदलाचा दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता. जुनं इंजिन ही फुकटची रंगीत तालीम ठरली.

जुनं इंजिन काढताना

तेल आणि कूलंट आधी काढून घेतलं. जळकं तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलं, ते गटारात जाऊ दिलं नाही. गिअरबॉक्स सुटा करून जॅकवर टेकवला. कानांना शॅकल, म्हणजे पिन घालून बंद होणाऱ्या लोखंडी कड्या, आणि भार उचलायचे दोन आखूड बेल्ट लावले. वर लेव्हलर, म्हणजे हँडल फिरवून इंजिनाची पुढची बाजू वर-खाली करता येते ती आडवी दांडी.

लेव्हलरवर इतका भर का, ते आकड्यांत सांगतो. इंजिनाच्या वर मोकळी उंची कमी असली की माणूस बेल्ट आखूड करतो आणि ते एकाच हुकात घेतो. मग ते पसरट होतात. २०० किलोच्या भाराला बेल्ट आडव्याशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकावर सुमारे ११५ किलो ओढ येते. ४५ अंशांत ती १४१ होते. ३० अंशांत प्रत्येक बेल्टवर पूर्ण २०० किलो येतात, शिवाय दोन्ही कान एकमेकांकडे १७३ किलोच्या जोराने ओढले जातात. बेल्ट ते सहज सोसतो; जांभळा बेल्ट एक टनाचा असतो. वाकतो तो कान. लेव्हलरची दांडी मध्ये आली की बेल्ट जवळजवळ उभे राहतात आणि कानाला फक्त वरची ओढ उरते.

जुनं इंजिन विनातक्रार वर आलं. खाली ठेवताना घोळ झाला. क्रेनचा वॉल्व्ह पाव आट्याने उघडायचा असतो. हेल्परने नळ सोडावा तसा सोडला आणि इंजिन वीतभर धप्पकन खाली आलं, खाली मांडलेल्या टायरांवर आदळून लोंबकळलं. हात कुणाचाच खाली नव्हता, कारण इंजिन वळवायला दोर बांधले होते आणि ‘हात लावायचा नाही, दोर ओढायचा’ हे आधीच बजावलं होतं. इंजिन मेलेलंच होतं, त्याचं आणखी काय जाणार? त्या दिवसापासून वॉल्व्ह अण्णांच्या हातात. त्यांनी रिकाम्या क्रेनवर आणि मग जुन्याच इंजिनावर तो उघड-बंद करून हात बसवून घेतला. ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो, पण ‘सोड’ एकानेच म्हणायचं, हेही तेव्हाच ठरलं.

कुर्ला ते नऱ्हे

छोटा हत्ती ठरवला. भाडं ठरवतानाच अर्ध्या दिवसाचं थांबण्याचे पैसे मालकांनी आगाऊ दिले. हा मला फार मोलाचा निर्णय वाटतो, कारण ‘टेम्पो खोळंबलाय’ या एका वाक्याने जेवढी बोटं चेंगरली असतील तेवढी निकृष्ट दोरांनीही चेंगरली नसतील.

पॅलेटवर इंजिन दोन्ही बाजूंच्या फाउंडेशनच्या हातांवर, म्हणजे गाडीत इंजिन ज्यांवर बसतं त्या आधारांवर, आणि मागच्या कडेवर टेकवलं होतं, ऑइल चेंबरखाली बोटभर फट ठेवून. चेंबर तेल धरण्यासाठी असतो, इंजिन धरण्यासाठी नाही. सगळी उघडी तोंडं चिंध्यांऐवजी झाकणांनी आणि टेपने बंद केली. चिंधी आत राहून गेल्याचे किस्से प्रत्येक गॅरेजात आहेत. इंजिन नंबरचा फोटो आणि यार्डाचं बिल टेम्पोच्या केबिनमध्ये. आरसीवर नंबर बदलून घ्यायला आरटीओत हीच कागदं लागतात, आणि वाटेत कुणी अडवलं तरीही.

हौद्यात पॅलेट केबिनच्या भिंतीला टेकवून चार रॅचेट बेल्टांनी बांधलं. पण बोरघाटाच्या चढाला पॅलेट मागे सरकलं. पाऊस होता, हौद्याचा पत्रा ओला, मध्ये रबराची चटई नव्हती. नऱ्ह्यात पोचल्यावर पाहिलं तर ते चार बोटं मागे आलेलं आणि एक बेल्ट तिरका होऊन इनटेकजवळच्या प्लॅस्टिकच्या नळीवर चढलेला. नळी चिरली होती. पूर्ण प्रवासात झालेलं नुकसान एवढंच.

उतरवणं

टेम्पो गल्लीतून उलटा आणून अंगणाच्या सपाट भागात उभा केला, चाकांना उटी लावली. प्रवासात इंजिन पुढे हवं होतं, आता क्रेनच्या हुकाखाली यायला ते मागच्या कडेला हवं होतं. पॅलेटखाली जीआय पाइपचे दोन तुकडे सरकवून पहारीने इंचाइंचाने मागे आणलं. केबिनच्या बाजूने एक बेल्ट सैल पण अडकवलेला ठेवला, पाइपवरून पॅलेट पळू नये म्हणून. फाळका खाली, क्रेनचे पाय टेम्पोखाली, बूम तिसऱ्या भोकावर.

पंप मारायला सुरुवात झाली. बेल्ट ताठ झाले, हुक वर जातोय, पण इंजिन पॅलेटवरून सुटेना. हेल्परला वाटलं कुठेतरी अडकलंय. तो पहार घेऊन पुढे झाला. त्याला थांबवलं. अडकलं काहीच नव्हतं. इंजिनाचं वजन क्रेनवर जात होतं तसतशा टेम्पोच्या पाट्यांच्या स्प्रिंगा सुटत होत्या आणि हौदा इंजिनामागोमाग वर येत होता. दोन बोटं हौदा वर आला, मग पॅलेट आणि इंजिनात पहिली उजेडाची फट दिसली. त्या क्षणी पहार घातली असती तर स्प्रिंग सुटताना ती कुणाच्या तरी हनुवटीला लागली असती.

इंजिन तळहातभर वर येताच थांबलो. तसंच लटकत ठेवून बेल्ट, शॅकल, कानाचे बोल्ट पुन्हा पाहिले. पुढची बाजू जड होती, ती लेव्हलरचं हँडल फिरवून सपाट केली.

पुढचा निर्णय सगळ्यांना आधी विचित्र वाटला. क्रेन मागे ओढायची नाही, टेम्पो पुढे काढायचा. क्रेनची चाकं बारकी असतात, शहाबादीच्या सांध्यात अडकतात. एवढ्या उंचीवर भार असताना ती अडकली तर इंजिन हेलकावतं आणि क्रेन पुढे कलते. टेम्पोला इंजिनाचं ओझं नाही, त्याला जाऊ दे. ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत टेम्पो काढला. इंजिन जागच्या जागी राहिलं.

टेम्पो गेल्यावर अण्णांनी वॉल्व्ह उघडला. पाव आटा. इंजिन गुडघ्याच्या उंचीवर आल्यावरच क्रेन ढकलायला घेतली, तीही लोखंडी पत्र्यांच्या रुळावरून. मागचे पत्रे उचलून पुढे टाकायचे, दोघं पुढच्या दोरांवर. शेवटी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर, पुन्हा फाउंडेशनच्या हातांवर टेकवलं. बेल्ट लगेच सोडले नाहीत. ठोकळे बसले की नाही ते इंजिन हलवून पाहिलं आणि मगच हुक मोकळा केला.

निष्पत्ती

कुणाला खरचटलंही नाही. चिरलेली नळी बदलली. गणपतीनंतर हेल्पर परतल्यावर इंजिन गाडीत बसलं. तेव्हा लेव्हलरने मागची बाजू खाली झुकवून ते गिअरबॉक्सवर नेलं, आणि अ‍ॅल्युमिनियमचे सगळे बोल्ट नवे घातले. वेळ म्हणाल तर अण्णांच्या मूळ बेतापेक्षा दोन दिवस जास्त लागले. हा खर्च कुणाला महाग वाटेल. अण्णांना अजूनही थोडा वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

रबराची चटई. हौद्यात टाकायला लागणारी ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि तीच राहिली. घर्षण नसेल तर बेल्ट कितीही आवळा, तो पॅलेटला खाली दाबतो, सरकण्यापासून फारसा थांबवत नाही. मागच्या बाजूला आडवा वासा ठोकला असता तरी चाललं असतं.

फोटो मागवताना ‘इंजिनाचे फोटो पाठवा’ एवढंच सांगितलं होतं. चारही बाजू, खालची बाजू, दोन्ही कान आणि नंबर असं नेमकं मागितलं असतं तर कानाचा प्रश्न सौदा ठरायच्या आत कळला असता आणि भावात थोडी सवलतही मिळाली असती.

क्रम उलटवण्याबद्दल मात्र एक शंका माझ्या मनात आहे. नवं इंजिन यार्डात शेवटच्या क्षणी बाद ठरलं असतं, तर गाडी बिनइंजिनाची अंगणात महिनोन्‌महिने पडली असती. अण्णांची भीती खोटी नव्हती. त्यावर उपाय होता: जुनं काढण्याआधी कुणीतरी कुर्ल्याला जाऊन बोअरस्कोपने, म्हणजे आत सोडायच्या बारक्या कॅमेऱ्याने, सिलिंडर पाहायला हवे होते. आम्ही फोनवरच्या व्हिडिओवर विश्वास ठेवला आणि तो सार्थ ठरला, इतकंच.

जुन्या इंजिनाचा निकाल लावताना आणखी एक गोष्ट आली. भंगारवाला ते तुकडे करून न्यायला गॅस कटर घेऊन आला होता. मॅग्नेशियमचा अख्खा ठोकळा सहज पेटत नाही, पण त्याचा कीस आणि पातळ कडा पेटतात. पेटल्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन सुटून आग भडकते. कोरडी वाळू टाकावी लागते. अण्णांनी त्याला कटर टेम्पोतच ठेवायला लावला, इंजिन अख्खंच काट्यावर चढवलं आणि ब्लॉकवर दोन्ही बाजूंनी ऑइल पेंटने मराठीत नि हिंदीत लिहून दिलं: मॅग्नेशियम आहे, कापू नका.